कोडिंग येत नाही, तरी पीएचडी?

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडी करून प्राध्यापक व्हायचं आहे. कोडिंग येत नाही. जमेल का?

उत्तर : ताई, नक्की जमेल. कोडिंग लागेल तेवढं शिकता येतं. मूल नेमकं कुठे अडतं हे ओळखणारी तुमची नजर सहजासहजी मिळत नाही. शिकणं घडतं ते अध्यापनाच्या पद्धतीमुळे, टीव्ही-संगणकासारख्या माध्यमामुळे नव्हे, असं अमेरिकी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच मांडलं. त्यावरचा वाद मला आजही मोलाचा वाटतो. म्हणून ‘टॅबलेटचा परिणाम’ असला ढोबळ विषय घेऊ नका. तुमचाच एखादा व्हिडिओ घ्या. पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं तर मुलांना काय उमगतं, आणि नुसती आकृती ठेवून समजावलं तर काय, ते तपासा. मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मात्र वाचाच.