आईची किमो सुरू आहे. घरचे सगळे देवावर भार टाकून आहेत, माझा विश्वास नाही. मी तिला आधार कसा देऊ?

तुम्ही लिहिलंय की घरात सगळे प्रार्थनेला लागलेत, तुम्हाला ते मनापासून जमत नाही आणि त्यामुळे आपण आईला कमी पडतोय असं वाटतं. माझ्या थोरल्या बहिणीला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला होता. आमची आई पूर्ण श्रद्धाळू, ताई जेमतेम, आणि मी तुमच्याच गटातली. त्यामुळे जे पाहिलं ते सांगते.

आधी मनातला धाक काढून टाका. तुमचा विश्वास नाही म्हणून आईच्या गाठी वाढणार नाहीत. डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या हजाराहून जास्त रुग्णांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मनाने सावरलेले रुग्ण इतरांपेक्षा जास्त जगले, असं त्यात दिसलं नाही. खुद्द रुग्णाच्या मनःस्थितीची ही गोष्ट, तर घरातल्या एकाच्या अविश्वासाने काय बिघडणार? मला हे वाचून उलट हायसं वाटलं. कारण आजारी माणसाला उठता-बसता ‘पॉझिटिव्ह राहा’ ऐकवलं जातं, आणि मग एखादा रिपोर्ट वाईट आला की दोष त्याच्याच मनाला लागतो. ताईला एका नातेवाईकांनी फोनवर चक्क सांगितलं की तुझी श्रद्धा कमी पडतेय. किमो घेऊन आलेल्या बाईला! तिथून पुढे येणारे फोन मी घ्यायला लागले.

म्हणून श्रद्धा निरुपयोगी, असं मात्र मी म्हणणार नाही. स्कॅन झाल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंतचे दिवस खायला उठतात. त्या दिवसांत आमच्या आईला करण्यासारखं काहीतरी होतं, मला नव्हतं. ती प्रार्थनेवरून उठायची ती शांत होऊन, आणि शांत माणूस रुग्णाजवळ तासन्‌तास बसू शकतो. मी दर पाच मिनिटांनी मोबाइलवर काहीतरी शोधत बसायचे. ताईला कुणाचा सहवास बरा वाटत असेल, तुम्हीच ओळखा.

पण एक गोष्ट ताई आईशी कधी बोलली नाही, ती माझ्याशी बोलली. ‘मला भीती वाटते.’ आणि एकदा, ‘हे पुरे झालं आता.’ आईसमोर हे म्हणणं म्हणजे तिच्या देवावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं, आणि आई कोलमडली असती. भक्तांच्या घरातल्या रुग्णाला सतत बरं होत असल्याचा चेहरा ठेवावा लागतो. देवावर रागावायचीही सोय नसते. तुमच्यासमोर तो चेहरा उतरवता येतो, कारण तुमची श्रद्धा मोडायची भीती तिला नाही. अशा वेळी ‘असं बोलू नकोस, सगळं ठीक होईल’ म्हणून विषय मिटवू नका. ‘कशाची जास्त भीती वाटते?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. कधी उत्तर मरणाचं येत नाही, पुढच्या सलाईनच्या सुईचं येतं, आणि त्यावर काहीतरी करता येतं.

बाकीचा आधार कष्टाचा आहे. बऱ्याच किमोंमध्ये डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट सर्वांत खाली जातो. औषधानुसार हे बदलतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून दिवस विचारून घ्या. त्या काळात ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला, की रात्री दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा. न विचारता तापाची गोळी द्यायची नाही, ताप झाकला जातो. याच दिवसांत प्रार्थनेला घरात गर्दी नको, सर्दी-खोकलेवाला तर एकही नको. आमच्या आईला हे पटवायला सोपं गेलं, कारण प्रार्थना लांबूनही करता येते हे तिलाच मान्य होतं.

उलटी होऊ नये म्हणून बऱ्याचदा स्टेरॉइड देतात. त्याने झोप उडते, चिडचिड होते. तुमची आई तुमच्यावर खेकसली तर ते औषध बोलतंय असं समजा. आणि वही ठेवा: ताप, जुलाब, तोंडातले छाले, हातापायांना मुंग्या. पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली आले. जे रुग्ण आपली लक्षणं नियमित कळवत होते, ते सरासरी काही महिने जास्त जगले. नर्सपर्यंत तक्रार वेळेत पोचत होती, हे त्यामागचं एक कारण मानतात.

अडवायचं कुठे? डोस चुकतो तिथे. ‘आधी हे अनुष्ठान होऊ दे, मग किमो’ किंवा ‘औषधं बंद करून हा काढा घे’, इथे मात्र नम्रपणा पुरे. नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट असल्याचं २०१८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, हेही खरं नाही. सेंट जॉन्स वॉर्ट नावाची वनस्पती इमॅटिनिबसारख्या कर्करोगावरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण कमी करते. घरात वाद घालू नका. जी पुडी किंवा बाटली आली असेल ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि ती आणणाऱ्यालाच सोबत न्या. आमच्याकडे माझं कुणी ऐकलं नसतं, डॉक्टरांचं लगेच ऐकलं.

आता प्रार्थनेला बसायचं की नाही. डोळे मिटून खोटं करू नका, आईला कळतं. तिला एकटीला गाठून विचारा, ‘मी जवळ बसू, की बाहेर थांबू?’ बस म्हणाली तर हात धरून बसा, नाही म्हणाली तर तेवढ्या वेळात औषधांचा डबा भरून ठेवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा, तिचं मत बदललेलं असू शकतं.