ताबो-आल्चीवर प्रबंध लिहिताय? आधी काश्मीरकडे बघा

‘लडाख-स्पितीत बौद्ध धर्म तिबेटातून आला’ हे गृहीत धरून तुम्ही स्पितीतल्या ताबो आणि लडाखातल्या आल्ची या जुन्या बौद्ध मठांवर एम.ए.चा प्रबंध सुरू केलाय आणि आता परवानगीच्या पत्रांत अडकलाय, हे तुमच्या पत्रात वाचून माझे जुने दिवस आठवले. बौद्धविरोधी म्हणून ओळखला जाणारा तिबेटचा राजा लांगदर्मा, त्याच्यानंतर पश्चिम तिबेटात गुगेचं राज्य कसं उभं राहिलं वगैरे तुम्हाला माहीत असणारच.

माझं ठाम मत (मी तिबेटी भाषेचा जाणकार नाही, हे आधीच सांगतो): नकाशावर तिबेटकडून एकच बाण काढू नका. द्रासच्या रस्त्याकडेच्या मूर्ती, मुलबेखच्या कातळातला मैत्रेय (भावी बुद्ध), खाल्त्सेजवळचे खरोष्ठी या प्राचीन गांधारी लिपीतले लेख, हे सगळं पश्चिमेकडचं, काश्मीर-गांधारच्या वाटेवरचं. गुगेचा राजा येशे-ओ यानेही रिन्चेन झांग्पो या भाषांतरकार भिक्षूला (९५८–१०५५) शिकायला धाडलं ते काश्मीरलाच. परंपरा सांगते की २१ तरुण गेले, बहुतेक तिकडच्या उष्म्याने-तापाने दगावले आणि जिवंत परतले दोघंच, त्यांतला एक रिन्चेन.

आणि कृपा करून प्रत्येक जुनं देऊळ रिन्चेनच्या नावावर टाकू नका. त्याने १०८ देवळं बांधली ही कथा गाइड लोकांना फार प्रिय आहे. आल्चीच्या सुमचेक या तीन मजली देवळात चितारलेली गुरुपरंपरा ड्रिगुंग या तिबेटी पंथाचा संस्थापक जिगतेन गोनपो याच्यापर्यंत येते. तो ११४३ साली जन्मला. मग ती चित्रं रिन्चेनच्या हयातीतली कशी असतील?

आता कचेरी. ताबोचा मठ ९९६ सालचा. तिथल्या मुख्य सभामंडपाच्या भिंतीवर ४६ वर्षांनंतरच्या जीर्णोद्धाराचा लेख आहे. त्याचे जुने फोटो बघायला मी एका कचेरीत अर्ज केला. (नाव विचारू नका.) आधी म्हणाले, विभागप्रमुखांचं पत्र आणा. ते दिलं, तर म्हणे विषय ‘फार व्यापक’ आहे. नेमका केला, तर फाइल दुसऱ्या टेबलावर गेलेली, आणि त्या टेबलावरचे साहेब रजेवर. नकार कोणीच देईना. नकार मिळाला असता तर मी दुसरी वाट धरली असती! तोवर बर्फाने मनालीकडून स्पितीत नेणारा कुंझुम घाट बंद झाला आणि वर्ष गेलं. त्या लेखाचं वाचन केव्हाच छापून आलेलं होतं, हे तिथल्या एकानेही सांगितलं नाही. तुम्ही ते आधी ग्रंथालयात शोधा, अर्ज पडू द्या बाजूला. अर्थात, तुमच्या नशिबी भला कारकून असेलही.

कुंझुम बंद झाला तरी शिमला-किन्नौरकडून ताबो गाठता येतं, फक्त दरडींची चौकशी करून निघा. आत फोटो काढू देत नाहीत. वही आणि मंद बॅटरी न्या.