दहा दिवस झाले, गोळीचा गुण का येत नाही?

डिचोलीहून एका ताईंचं पत्र आहे. नवऱ्याला नैराश्याचं निदान झालं, एसिटालोप्रामची गोळी सुरू झाली. दहा दिवस झाले तरी मन तसंच, वर मळमळ. सासूबाई म्हणतात, सवय लागेल, बंद कर. दिरांनी मोबाइलवर वाचलंय, केटामाइनचं इंजेक्शन एका दिवसात गुण देतं. आता कुणाचं ऐकू?

ताई, तूर्त डॉक्टरांचं. गोळी मनाने थांबवू नका. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांतून. सेरोटोनिन त्यांतलं एक. निरोप पोचला की पाठवणारी पेशी ते परत ओढून घेते. गोळी हे ओढून घेणं अडवते, तेही काही तासांतच. पण सेरोटोनिन वाढलेलं कळताच पेशी सुरुवातीला ते सोडायचंच कमी करतात. हा आवर सैल व्हायला आणि पेशींमधल्या जोडण्या बदलायला वेळ लागतो, असं संशोधक मानतात. म्हणून गुण दिसायला दोन ते सहा आठवडे जातात. (सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं, इतकं सोपं गणित मात्र नाही.)

मळमळीचं म्हणाल, तर शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे पोट आधी कुरकुरतं. बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. सकाळी पेज जेवल्यावर गोळी देऊन पाहा. आणि हुर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, मोसम असला तरी 'एकच पेग' नको.

सासूबाईंना सांगा, ही झोपेची गोळी नव्हे, हिची नशा लागत नाही. पण एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड होते, म्हणून डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

दिरांचं वाचन खोटं नाही. केटामाइन हे भुलीचं औषध. ते ग्लुटामेट या दुसऱ्याच रसायनाच्या निरोपात हात घालतं आणि काहींना तासांत बरं वाटतं. पण तो गुण अनेकदा काही दिवसांतच ओसरतो, रक्तदाब चढतो, माणूस भानावर नसल्यासारखा होतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आणि सहसा दोन औषधं वाया गेल्यावर देतात. तुमच्याकडे पहिल्याच गोळीचा दहावा दिवस आहे.

तुमचे यजमान मरणाची भाषा बोलू लागले, तर मात्र सहा आठवडे मोजू नका. एकटं सोडू नका, त्याच दिवशी बांबोळीला आयपीएचबी या मानसोपचार रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. नाहीतर उद्या डॉक्टरांना फोन करून मळमळीचं तेवढं सांगा. डोस किंवा वेळ बदलायची की नाही, ते ठरवतील.