विचारा की! : माकडं अजून माकडंच का?

मागच्या अंकात 'सायन्स आणि सिनेमा, काहीही विचारा' असं आम्ही म्हणालो आणि लोकांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं, पत्रांचा ढीग पडलाय, म्हणून जे प्रश्न परत परत आले तेच घेतोय.

माणूस माकडापासून झाला, तर मग आताची माकडं माणूस का होत नाहीत?

आला का परत हा! आणि विचारणाऱ्याचा थाट दर वेळी असा की डार्विनला रंगेहाथ पकडलंय. अहो, आजच्या चिंपांझीपासून आपण झालोच नाही. तुमचे आणि तुमच्या चुलतभावाचे आजोबा एक, म्हणून तुम्ही काय चुलतभावापासून जन्मलात का? आपला आणि चिंपांझीचा सामाईक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होऊन गेला, तिथून दोन फांद्या फुटल्या, आणि चिंपांझीसुद्धा तेव्हापासून बदलतच आलाय, आपली वाट बघत थांबला नव्हता. आणि याची खूण आपल्या पेशीपेशीत आहे. चिंपांझी, गोरिला यांच्यात क्रोमोसोम, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या, 48, आपल्यात 46, मग एक जोडी गेली कुठे? कुठेच नाही. पूर्वजांमधले दोन वेगळे क्रोमोसोम टोकाला टोक चिकटून एक झाले, आपला 2 नंबरचा क्रोमोसोम तो हाच, आणि जो डीएनए एरवी फक्त टोकांना असतो तो याच्या आत, बरोब्बर सांध्यावर सापडतो. मला तर हा पुरावा कुठल्याही कवटीपेक्षा जास्त पटतो.

मग पहिला माणूस कोण? आणि त्याची आई माणूस नव्हती का?

एक नंबर प्रश्न. उत्तर असं की पहिला माणूस असा कोणी नव्हताच. कुठल्याच आईने स्वतःपेक्षा वेगळ्या जातीचं पोर जन्माला घातलं नाही, प्रत्येक पोर आईबापासारखंच, फक्त हजारो पिढ्या ओलांडून मागे बघितलं की फरक दिसायला लागतो. मोरोक्कोत जेबेल इरहूद म्हणून जागा आहे, तिथे 1961 मध्ये खाणीत काम करताना एक कवटी सापडली, बरीच वर्षं ती काही फार जुनी नाही असंच समजत होते, पण पुढे परत खोदकाम झालं, आणखी हाडं मिळाली आणि 2017 मध्ये वय निघालं साधारण 3 लाख वर्षं. गंमत अशी की या लोकांचा चेहरा समोरून जवळजवळ आपल्यासारखा, पण बाजूने बघितलं तर डोकं मागे लांबट, आपल्यासारखं गोल नाही. म्हणजे चेहरा आधी तयार झाला, डोक्याचा गोलावा नंतर आला. आता याला माणूस म्हणायचं की नाही? शास्त्रज्ञ आपल्याच जातीत धरतात, पण रेघ नेमकी कुठे ओढायची यावर भांडणं होतातच, आणि होणारच, कारण निसर्गाने रेघ ओढलेलीच नाही.

एका सिरीजमध्ये दाखवलंय की आपल्या पूर्वजांनी निअँडरथलांना मारून संपवलं. खरं का?

निअँडरथल म्हणजे माणसाचीच दुसरी, आता नामशेष झालेली शाखा. ते साधारण 40 हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले हे खरं, पण कारण एकच धरून चालत नाही, हवामान, मुळात कमी लोकसंख्या, आपल्याशी स्पर्धा, सगळंच असणार. पण सिरीजवाले एक गोष्ट खातात, ती म्हणजे आपण त्यांच्याशी संसारही केलाय! आफ्रिकेबाहेर ज्यांची मुळं आहेत त्यांच्या डीएनएमध्ये 1 ते 2 टक्के निअँडरथल आहे. प्राचीन डीएनए वाचणारे शास्त्रज्ञ स्वांते पेबो यांच्या टीमने 2010 मध्ये निअँडरथलचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला तेव्हा हे कळलं, 2022 ला त्यांना नोबेलही मिळालं.

त्याहून भारी किस्सा सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेतला. तिथे हाडांचे हजारो तुकडे, कुठल्या प्राण्याचे तेही ओळखू येत नाही असे. त्यातला एक, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, तपासला तर तो एका मुलीचा निघाला, वय तेराच्या आसपास किंवा थोडं जास्त, साधारण 90 हजार वर्षांपूर्वीची. आई निअँडरथल आणि बाप डेनिसोव्हन. हे डेनिसोव्हन म्हणजे माणसाची तिसरीच शाखा. 2018 ला हे छापून आलं. दोन जातींची लांबची सरमिसळ वगैरे नाही, थेट पहिल्या पिढीची पोर! एवढा योगायोग कथेत लिहिला असता तर संपादकांनी परत पाठवली असती.

अंबरमधल्या, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या डिंकात अडकलेल्या, डासाच्या रक्तातून डायनासोर बनवता येईल का?

नाही. डीएनए तुटत जातो, मोआ नावाच्या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून 2012 मध्ये काढलेला हिशोब असा की साधारण 521 वर्षांत त्याच्यातले निम्मे जोड तुटतात, थंडीत तो जास्त टिकतो. आतापर्यंत वाचलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलँडच्या गोठलेल्या मातीतला, 20 लाख वर्षांचा. डायनासोर गेले 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. बसवा हिशोब. तोपर्यंत कावळे-चिमण्या बघा, ते डायनासोरचेच वंशज आहेत.

स्पेससूट फाटला की माणूस फुग्यासारखा फुटतो का?

फुटत नाही, अंग सुजतं पण कातडी धरून ठेवते. 1966 मध्ये नासाच्या निर्वात चेंबरमध्ये जिम लेब्लांक यांच्या सूटची नळी सुटली होती, साधारण 14 सेकंदांत ते बेशुद्ध पडले, आणि शेवटचं आठवतं ते काय तर जिभेवरची लाळ उकळायला लागली होती. हवा परत सोडली, वाचले. श्वास मात्र रोखून धरायचा नाही, फुप्फुसं फाटतात, सिनेमातले हिरो नेमकं तेच करतात.

मेंदू आपण फक्त 10 टक्केच वापरतो ना?

पूर्ण वापरतो. वजनाने शरीराच्या 2 टक्के आणि ऊर्जा खातो 20 टक्के, असला खर्चिक अवयव बंद ठेवून उत्क्रांतीला परवडलं नसतं.

इमारतीएवढा गोरिला खरंच असू शकतो का?

उंची दहापट केली की हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपट होतं पण वजन हजारपट. पहिल्याच पावलाला मांडीचं हाड मोडेल, सिनेमात किंग काँगवर सोडतात तशी विमानं वगैरे पाठवायची गरजच नाही.