तीन दिवसांत गोवा नको, बाणकोटची खाडी ओलांडा

पाच मित्र, चार गाड्या, २६ जानेवारीला जोडून आलेले तीन दिवस, आणि पुण्याहून गोवा करून परत यायचं, जमेल का, असा तुमचा प्रश्न. गाड्यांत एक साडेतीनशेची बुलेट, दोन दीडशेच्या आणि एक सव्वाशेची, तिच्यावर डबलसीट. दोघांनी घाटात गाडी कधी चालवलेली नाही, हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. खरं म्हणजे ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

जमेल, लोक करतातही. पण पुणे ते पणजी एका बाजूने साधारण साडेचारशे किलोमीटर. म्हणजे पहिला दिवस गाडीवर, तिसरा दिवस गाडीवर, आणि मधल्या दिवशी तुम्ही गोव्यात कंबर धरून झोपलेले असाल. पाच जणांचा गट सगळ्यांत हळू गाडीच्या वेगाने जातो असं समजू नका, त्याहूनही हळू जातो. एकाला चहा हवा, दुसऱ्याला धरण दिसलं की फोटो, तिसऱ्याचा फोन वाजतो, आणि प्रत्येक वेळी पाचांची हेल्मेटं, हातमोजे, जॅकेटं उतरणार आणि परत चढणार. थांबे धरून ताशी पंचवीस-तीसची सरासरी पडली तरी ठीक समजा. या हिशोबाने गोव्याचं गणित आपोआप सुटतं.

त्यापेक्षा पहिल्या दिवशी ताम्हिणीतून हरिहरेश्वर, दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला फेरीबोटीने खाडी ओलांडून वेळास, केळशी, आंजर्ले, आणि तिसऱ्या दिवशी दापोली-मंडणगड-महाड-माणगाव करत घर. पहिला दिवस १७० किलोमीटरच्या आसपास, दुसरा जेमतेम पन्नास, तिसरा दोनशेच्या घरात. मधला दिवस मुद्दाम रिकामा ठेवलाय. मुक्काम सोडला की पुढचा मुक्काम गाठेपर्यंत समुद्र फार लांब जात नाही, आणि गाडीवरून उतरावंसं वाटलं तर घड्याळ बघावं लागत नाही.

पहाटे साडेपाचला चांदणी चौक सोडा. पिरंगुटला टाकी फुल करून घ्या, घाटातल्या पंपाच्या भरवशावर राहू नका. जानेवारीत मुळशीच्या पाण्याकडेला धुकं आणि बोचरी थंडी असते, हँडल धरलेली बोटं बधिर होतात. साधे लोकरी हातमोजे चालत नाहीत, वारा आरपार जातो. आणि हेच जॅकेट माणगावच्या पुढे दहा वाजता नकोसं होतं, तेव्हा ते बांधायला बंजी दोरी जास्तीची ठेवा.

घाट न चालवलेल्या दोघांना दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरावर ठेवा. सगळ्यांत पुढे रस्ता माहीत असलेला, शेपटाला सगळ्यांत अनुभवी माणूस, आणि पंक्चरचं सामान शेपटाकडे. पुढे गेलेला माणूस मागच्याचं पंक्चर काढायला परत येईपर्यंत अर्धा तास जातो. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या गाडीवर आरशात नजर ठेवायची. ती दिसेनाशी झाली की आपण हळू व्हायचं, एवढा एकच नियम. फाटा आला की मात्र सगळे येईपर्यंत थांबायचं. म्हसळ्याला एक रस्ता श्रीवर्धनकडे जातो आणि एक दिवेआगरकडे. आमचा एक जण एकदा त्या फाट्यावर न थांबता गेला आणि आम्ही जेवून उठलो तेव्हा उगवला.

उतारावर ब्रेक दाबून धरू नका, गिअर खाली टाका आणि इंजिनला काम करू द्या. सव्वाशेवर डबलसीट असलेल्याला हे आधीच बजावून सांगा, कारण त्याचाच ब्रेक आधी तापणार. वळणावर आपली बाजू सोडायची नाही. लाल डबा वळण घेताना अख्खा रस्ता घेतो, तो त्याचा हक्क आहे असं समजून चाला. कडेला जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते. तिच्यावर चाक वळवलेलं असताना ब्रेक लावलात तर गाडी खाली.

माणगावला मुंबई-गोवा महामार्ग आडवा येतो, आणि सुट्टीला जोडून गर्दी झाली की तिथे मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असते. म्हणून पहाटे निघायचं. नऊच्या आत माणगाव मागे पडलं तर दिवस तुमचा. वेळ हाताशी असेल तर म्हसळ्याहून दिवेआगर गाठा आणि तिथून शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धनला या. रस्ता समुद्राला इतका चिकटून आहे की चालवणाऱ्याने समुद्राकडे बघू नये हीच अडचण. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, पण तुमच्या घरच्यांना त्याहून तिथल्या रोठा सुपारीचं जास्त कौतुक असेल. थोडी घेऊन जा, दोन सुट्ट्यांची परवानगी वसूल होते.

आता हरिहरेश्वर. तिथली प्रदक्षिणा देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवरून जाते आणि ती फक्त ओहोटीला करायची. खडकांवर शेवाळ असतं, लाट अचानक वर येते, आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. तेव्हा भरतीची वेळ माहीत असल्याशिवाय खाली पाऊल टाकू नका.

वेळ कशी काढायची ते मला २०२४ च्या २६ जानेवारीला एका आजोबांनी शिकवलं. आम्ही सहा जण त्यांच्याकडे उतरलो होतो. मी मोबाईलवर भरतीची वेळ शोधत अंगणात हात वर करून रेंज शोधतोय, आणि आजोबा सुपारी कातरत बसलेले. म्हणाले, "कालनिर्णय बघा की. आज प्रतिपदा, उद्या द्वितीया. दोन पाऊण दीड. दीडला पुरी भरती, साडेसातला सुकती. सकाळी सातला खाली उतरा, आठला वर या." तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. दोन्ही पंधरवड्यांत तिथी प्रतिपदेपासूनच मोजायची. अष्टमीला आठ पाऊण सहा, द्वादशीला बारा पाऊण नऊ. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात थोडं पुढेमागे होतं, पण अंदाजाला पुरेसं. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, एवढंच यामागचं गणित. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त वर येतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं. दुसऱ्या दिवशी सातला उतरलो तेव्हा खडक पार उघडे होते. पाऊणकी पाठ करून घेणाऱ्या मास्तरांची त्या दिवशी पहिल्यांदा आठवण आली. तरी एक करा, उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचाराच. आणि त्या किनाऱ्यावर पोहायला जाऊ नका, पाणी ओढ घेतं.

बागमांडल्याला सावित्रीची, म्हणजेच बाणकोटची खाडी. पलीकडे वेसवी, तिथून पुढे बाणकोट. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी इथे समुद्राला मिळते. चारचाकींची रांग लांब असली तरी घाबरू नका, दुचाकींना कडेने जागा मिळते. चढताना लोखंडी पाटा ओला असतो. तिथे पुढचा ब्रेक धरलात तर चाक घसरतं, दोन्ही पाय खाली ठेवून हळू चढा. आत गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून स्टँडला लावायची आणि शेजारी उभं राहायचं. शेवटची फेरी किती वाजता हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा, चुकली तर म्हसळ्याकडे मागे फिरून मोठा वळसा पडतो. पावसाळ्यात, म्हणजे १५ ऑगस्टच्या सुट्टीत, हा बेत मी सांगितलाच नसता. समुद्र खवळलेला, फेरीचा भरवसा नाही आणि घाटात दरडी.

वेळासला कासवांची घरटी जपली जातात. सह्याद्री निसर्गमित्रने २००२ साली हे काम तिथे सुरू केलं आणि पुढे गावाने ते आपलं केलं. पिल्लं बघायची तर फेब्रुवारीच्या पुढे जा, पण जानेवारीत माद्या अंडी घालत असतात हे लक्षात ठेवा. म्हणून आणि आणखी एका कारणाने, गाडी वाळूत नेऊ नका.

दुसरं कारण आमचाच एक मित्र. त्याच मोसमात, आंजर्ल्याला संध्याकाळी पाच वाजता, ओहोटी लागलेली, पाण्याजवळची ओली वाळू रस्त्यासारखी टणक दिसत होती. ती टणक असतेही. पण तिथपर्यंत पोचायला मधे कोरड्या भुसभुशीत वाळूचा पट्टा असतो. तो कसाबसा पार करून साहेब पाण्याशी गेले, साईड स्टँड लावला आणि फोटो काढायला दहा पावलं मागे आले. स्टँड हळूहळू वाळूत शिरत होता हे आम्हाला दिसत होतं, पण ओरडेपर्यंत गाडी आडवी. क्लचचा दांडा अर्ध्यात मोडला. सहा जणांनी ढकलत ती बाहेर काढली, मागचं चाक वाळू उडवत जागेवर फिरत होतं आणि साखळीतून करकर आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी रविवार. उरलेल्या दोन बोटांएवढ्या ठोंब्यावर क्लच दाबत तो दापोलीपर्यंत आला आणि तिथे दुकान उघडायची वाट बघत आम्ही पायरीवर बसलो. त्यात गेलेले दोन तास माणगावच्या गर्दीने व्याजासकट वसूल केले. घरी रात्री अकरा.

तेव्हा जास्तीचा क्लचचा दांडा आणि केबल बरोबर असू द्या. वाळूजवळ गाडी लावायचीच झाली तर स्टँडखाली चपटा दगड किंवा नारळाची करवंटी. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी साध्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्या. खारा वारा आठवड्यात नटबोल्ट तांबूस करतो.

आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती बघा आणि दुपारनंतर पूल ओलांडून हर्णैला लिलावाला जा. होड्या लांब उभ्या असतात आणि मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते, बैल पोटापर्यंत पाण्यात. मागे सुवर्णदुर्ग. तिथे घाईत जाऊ नका, कपड्यांना वास लागणार हे धरून जा.

२६ ला ड्राय डे असतो, तेव्हा ज्याच्या डोक्यात वेगळा बेत असेल त्याला आधीच कळवा. रोख पैसे ठेवा. वरंधा घाट चढून भोरला जायचा मोह होईल, पण तो अधूनमधून बंद असतो, महाडमध्ये विचारल्याशिवाय वळू नका.

जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगा. घरगुती ठिकाणी ताटं मोजून शिजतं. मासे किती, कोंबडी-वडे किती, शाकाहारी किती, सगळं नीट. आंजर्ल्याच्या काकूंना आम्ही सहा सुरमईची ताटं सांगितली होती. पानं मांडल्यावर, क्लच मोडणाऱ्या त्याच माणसाला आठवलं की आज शनिवार आहे आणि शनिवारी तो खात नाही. काकू काही बोलल्या नाहीत, आत जाऊन त्याच्यासाठी पिठलं टाकलं. सहावी तुकडी कोणी खाल्ली यावर आमच्यात अजून एकमत नाही.