सनीव्हेलला येताय आणि आई-बाबांसाठी मागे घर बांधायचं म्हणताय

मागच्या अंगणात आई-बाबांसाठी एडीयू, म्हणजे वेगळं छोटं घर, बांधता येईल अशीच जागा घेऊ का, असं तुम्ही विचारलंत. नियम कॅलिफोर्निया सरकारच्या साइटवर आहेत, ते वाचून घ्या. मी बाकीचं सांगते.

अर्ज पूर्ण झाला की ६० दिवसांत निर्णय द्यायचा, असं कायदा म्हणतो. 'पूर्ण' कधी म्हणायचं, इथेच आमचं घोडं अडलं. एका फेरीत ड्रेनेजचा उतार, पुढच्या फेरीत सोलरचा कागद. परमिट मिळालं, तर वीज कंपनीची वेगळीच तऱ्हा. जुनं १०० अँपिअरचं विजेचं पॅनेल २०० चं करायला त्यांनी इतका वेळ लावला की भिंती झाल्या, छप्पर झालं, आणि घरात दिवा नाही. अजून आठवलं की डोकं तापतं. घर घेतानाच पॅनेल बघा. सांडपाण्याची लाइनही बघा. रस्त्यापर्यंत उतार मिळाला नाही तर पंप बसवावा लागतो.

बांधकामात मात्र जीव ओता. इथला ओटा ३६ इंच उंचीचा, त्यावर आईला पोळ्या लाटता येत नाहीत. आम्ही ३२ चा करून घेतला. न्हाणीघराला उंबरा नाही, बादली भरायला खाली वेगळा नळ. भिंती बंद करण्याआधी आत लाकडी फळ्या बसवून घेतल्या, म्हणजे पुढे आधाराचे दांडे पक्के बसतात.

एकटं वाटतं का, असंही विचारलंत. वाटतं. महाराष्ट्र मंडळात जा, गणपतीत कामं अंगावर घ्या, कमी होतं.

आता तुम्ही न विचारलेलं. तुम्ही एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, येणार. आई-वडिलांच्या ग्रीनकार्डचा अर्ज फक्त अमेरिकेचा नागरिक करू शकतो, आणि आपल्या लोकांना स्वतःचंच ग्रीनकार्ड मिळायला किती वर्षं लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तोवर व्हिजिटर व्हिसा, एका खेपेला बहुधा सहा महिने. म्हणजे घर वर्ष-दोन वर्षांत उभं राहील, पण आई-बाबांना त्यात कायमचं राहायची परवानगी नाही. मी आता नागरिक आहे, अर्ज भरू शकते. बाबाच नको म्हणतात. ग्रीनकार्ड घेतलं की मुक्काम इथेच ठेवावा लागणार, आणि त्यांना साताऱ्याचं घर, त्यांचे डॉक्टर, सकाळचा कट्टा सोडायचा नाही. मला त्यांचा राग येतो आणि त्यांचं पटतंही.

ते परत गेले की घर बंद. भाड्याने देऊ, हप्त्याला हातभार लागेल, असं नवरा म्हणतो. हिशेबाने त्याचं बरोबर आहे, पण मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही कर्ज काढणार असाल, तर मधल्या महिन्यांत घर भाड्याने देणार का, हे आधी घरात बोलून घ्या.