जुन्या पिकअपचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग): जादा पाटा घालायच्या आधी एवढं बघा

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. 2009 ची बोलेरो पिकअप, खानापूरहून कधी विटा कधी भाजी, जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाटातनं गोव्याला, आता मागनं गाडी बसते, खड्ड्यात हाऊसिंग (मागच्या ॲक्सलची नळी) थेट बंप रबरावर (वरच्या धक्का अडवणाऱ्या रबरावर) आपटतंय, अन् मेस्त्री म्हणतोय दोन्हीकडं दोन-दोन जाड पाटे घाला की विषय संपला. दुसऱ्यानं स्प्रिंगवाले शॉकअप सांगितले, तिसऱ्यानं हवेच्या बॅगा. माझं सरळ मत सांगतो, आत्ता यातलं काहीच करू नका. आधी आहेत ते पाटे कंपनीनं सांगितलेलं वजन तरी उचलतात का ते बघा, कारण पंधरा-सोळा वर्षं माल वाहिलेल्या गाडीचे पाटे बसलेलेच असणार, कमान उतरलेली असणार, अन् मेलेल्या पाट्यांच्या खाली नवा कडक पाटा सारला की सगळा ताण त्या एकट्या नव्या पाट्यावर येतोय. मग सहा महिन्यांत तोच तुटतो अन् मेस्त्री म्हणतो माल खराब होता.

पहिलं काम वजनकाट्यावर. रिकामी गाडी अन् नेहमीचा माल भरलेली गाडी, दोन्ही वेळेला आधी पूर्ण वजन घ्या, मग पुढची चाकं काट्याच्या बाहेर काढून नुसती मागची चाकं काट्यावर ठेवून परत घ्या. काटेवाला कुरकुर करेल, त्याला जादा पावतीचे पैसे द्या, खरं हे करून घ्याच. आरसीवर ग्रॉस वजन (मालासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन) अन् रिकामं वजन दोन्ही असतंय, त्यातला फरक म्हणजे तुम्ही घालू शकता तो माल, अन् त्यात ड्रायव्हर-क्लीनर पण आले हे बरेच जण विसरतात. विटांचा हिशोब तर बघाच. भाजलेली वीट तीन किलोची धरली तरी पाचशे विटांना दीड टन झालं. अन् आपल्याकडं पावसात उघड्यावर पडलेली वीट पाणी किती पिते? चांगली वीटसुद्धा स्वतःच्या वजनाच्या 15-20 टक्के पाणी घेऊ शकते, म्हणजे त्याच पाचशे विटा आता पावणेदोन टनाच्या आसपास गेल्या, अन् तुम्ही मात्र उन्हाळ्यात भरत होता तेवढ्याच भरल्यात म्हणून निवांत. पावसाळ्यातच गाडी जास्त बसते असं तुम्हाला वाटत असेल तर एक कारण हे असू शकतंय.

दुसरं, टेप घ्या. सपाट जागा बघून, काँक्रीटचं अंगण असलं तर उत्तम, गाडी रिकामी उभी करा अन् दोन्हीकडं हाऊसिंगच्या नळीपासून वर चासीपर्यंतचं (गाडीच्या खालच्या सांगाड्यापर्यंतचं) अंतर मोजा, बंप रबर अन् हाऊसिंगमधली फट पण मोजा. मग माल भरून परत. वहीत लिहून ठेवा. डावी-उजवीत फरक असला तर घाबरू नका, आपण डावीकडनं चालवतो अन् रस्त्याचा उतार कडेला असतोय म्हणून डावी बाजू जरा जास्त दमते, पण फरक बोटभर असला तर त्या बाजूचा एखादा पाटा तुटलेला आहे असंच समजून शोधा. रिकाम्या गाडीत मेन, म्हणजे सगळ्यात वरच्या लांब पाट्याला कमान दिसलीच पाहिजे. रिकामी असतानाच तो सरळ पट्टीसारखा झाला असेल अन् माल भरल्यावर उलटा वाकत असेल तर त्या सेटचं आयुष्य झालंय.

तुटलेला पाटा सहसा बाहेरनं दिसत नाही, म्हणून सेट खोलायलाच लागतोय. पाट्याला सगळ्यात नाजूक जागा मधली, जिथं सेंटर बोल्टाचं (सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टाचं) भोक आहे तिथली, अन् नेमकी तीच यू-बोल्ट (पाटे हाऊसिंगला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) अन् प्लेटच्या आत झाकलेली असते. खोलला की लाल गंजाची पूड भसाभस खाली पडते, ती पडू दे, वायर ब्रशनं प्रत्येक पाटा घासून उन्हात तिरपा धरा. भोकापासून कडेकडं जाणारी केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तो पाटा गेला, आज तुटला नाही तर उद्या तुटेल. मग टोकं बघा. खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्यावर जिथं घासतं तिथं खाच पडते. नख अडकेल इतकी खोल खाच असेल तर तिथनंच पुढं चीर सुरू होते. सेंटर बोल्ट पण हातात घेऊन बघा, मधे कापल्यासारखा बारीक झालेला असतो बऱ्याचदा. तो कापला गेला की हाऊसिंग एका बाजूला मागं सरकतं अन् गाडी तिरकी चालते, मागनं येणाऱ्याला लगेच कळतं, आपल्याला स्टेअरिंग एकीकडं ओढतंय एवढंच जाणवतं. अन् हे सगळं सुरू होतं ढिल्या यू-बोल्टपासनं. यू-बोल्ट ढिला म्हणजे पाटे मधे हलायला लागले, हलले की भोकापाशी वाकायला लागले, अन् तिथनंच तुटले. तुमच्या गाडीचे यू-बोल्ट शेवटचे कधी आवळलेत ते आठवून बघा.

आता पर्याय. पाटे तुटलेले नाहीत नुसते बसलेत, तर गल्लीतला माणूस म्हणेल कमान काढून देतो. थंडच घणानं ठोकून कमान काढली तर थोडे दिवस चालते, परत बसते. गॅसची ज्योत लावून लाल करून वाकवत असेल तर तिथनं गाडी काढा. स्प्रिंग स्टीलची ताकद त्याच्या पाण्यात, म्हणजे तापवून-थंड करून दिलेल्या कडकपणात आहे, ते पाणी 850 अंशाच्या आसपास सारखं तापवून, तेलात बुडवून, परत 450-500 अंशाला ठेवून आणावं लागतं. भट्टी अन् तापमान बघायची सोय असलेला पाटेवाला असेल तर त्याच्याकडनं सेट करून घ्यायला हरकत नाही, आपल्याकडं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अन् कोल्हापुरात धातूचं काम जाणणारी माणसं कमी नाहीत, विचारायचं एवढंच की पाणी कसं देता. उत्तर गडबडीत आलं तर पुढं चला. माझं म्हणाल तर एवढ्या जुन्या गाडीला दोन्हीकडचा नवा पूर्ण सेट, कंपनीच्या मापाचा, चांगल्या नावाचा, हाच खरा अपग्रेड. महाग पडतो खरं, पण तुमच्या गाडीला नवी असताना जी उंची अन् जो दम होता तो परत मिळतो, अन् निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम इथंच मिटतो.

नवा सेट घालूनही आरसीतल्या वजनाला मागनं जास्तच दबते असं मोजून दिसलं, तरच जादा पाट्याचा विचार. इथं एक हिशोब डोक्यात पक्का बसवा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. 8 एमएमच्या जागी 9 चा घातला तर तो पाटा सव्वा नव्हे, जवळजवळ दीडपट कडक होतो. 10 चा घातला तर दुप्पट. सहा पाट्यांच्या सेटमधे अजून एक 8 चा लांब पाटा घातला की साधारण सतरा टक्के वाढ झाली, तिथंच 10 चा घातला की तीसच्या पुढं गेली. मेस्त्री म्हणतोय तसे दोन जाड पाटे घातले तर साठ-पासष्ट टक्के. मेस्त्रीला वाटतं गाडी मजबूत झाली. झाला फक्त पाटा. हाऊसिंग, बेअरिंग, चासीचे ब्रॅकेट, टायर, ब्रेक तेच राहिले.

म्हणून मी हेल्परच्या बाजूचा आहे. हेल्पर म्हणजे थोड्या वजनाला मधे न येणारा, फट ठेवून बसवलेला पाटा, गाडी ठराविक दबली की मगच तो टेकतो अन् भार घ्यायला लागतो. तुमचं काम कसं आहे बघा की. जाताना भरलेली, येताना रिकामी. भरलेली गाडी चोर्ला उतरते अन् रिकामी चढते. रिकाम्या पिकअपला मागं तसंही वजन कमीच असतं, त्यात पाटे लोखंडी बाकासारखे कडक केले तर पावसात वळणावर मागची चाकं रस्ता सोडून उडतात, चढाला जागेवर फिरतात, अन् तुटक्या डांबरावर ब्रेक मारला की मागचा भाग कडेला सरकतो. कणकुंबीच्या पावसात, धुक्यात, समोरनं बस येत असताना हे होऊ नये. हेल्पर रिकाम्या वेळी गप्प बसतो, तेवढ्यासाठी तो पाहिजे.

आता जी गोष्ट कुणीच सांगत नाही ती. गाडीखाली जाऊन बघा, मागच्या हाऊसिंगपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत दांडी नाहीतर बारीक स्प्रिंग गेलेली आहे का. ती असेल तर तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. चासी अन् हाऊसिंगमधलं अंतर कमी झालं की तो समजतो माल भरलाय अन् मागच्या ब्रेकला प्रेशर पूर्ण सोडतो, अंतर जास्त असलं की समजतो गाडी रिकामी आहे अन् मागचं प्रेशर कापतो. आता तुम्ही जाड पाटे घातले, गाडी दबलीच नाही, तर दीड टन माल असूनही त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटणार. मागचा ब्रेक अर्धवट, सगळा भार पुढच्या ब्रेकवर, अन् वर चोर्ल्याचा उतार. पुढचे ब्रेक तापून वास येतोय, पेडल खोल जातंय म्हणून लोक पॅड बदलत बसतात अन् कारण मागं पाट्यात असतं. पाट्याला हात लावला की त्या दांडीचं सेटिंग मॅन्युअलच्या मापानं परत करून घ्यायचंच. काही मेस्त्री ती दांडी तारेनं वर बांधून टाकतात, किंवा काढूनच टाकतात. तसं केलेलं असेल तर आधी ते सरळ करा, पाटे नंतर.

बसवताना लक्ष ठेवा, दुकानात चहा पीत बसू नका. गाडी चासीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावून उभी पाहिजे, नुसत्या जॅकवर कुणालाही खाली जाऊ देऊ नका. यू-बोल्ट अन् नट नवेच, जुने ताणलेले असतात, परत धरत नाहीत. पाट्यांची संख्या वाढली तर सेंटर बोल्ट अन् यू-बोल्ट दोन्ही त्या लांबीचे आणा. सेंटर बोल्टाचं डोकं हाऊसिंगच्या सीटमधल्या भोकात पूर्ण बसलंय का ते स्वतः वाकून बघा. आवळताना तिरक्या क्रमानं थोडं थोडं, अन् शेवटचं टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं). रबरी बुश असतील तर शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीचे) बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायचे, हवेत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं अन् लवकर फाटतं. पाट्याला कुठंही वेल्डिंग नको, नवीन भोक नको. मग पहिली भरलेली ट्रिप झाली की परत यू-बोल्ट आवळायचे, अन् पाचशे किलोमीटरच्या आसपास अजून एकदा. हे दुसऱ्यांदा आवळणं सगळे टाळतात अन् पाटे तिथंच मरतात.

गाडी मागनं वर उचलली गेली तर अजून दोन गोष्टी तपासा. हाऊसिंग लोंबकळत असताना ब्रेकचा रबरी होज ताणला जातोय का, अन् शॉकअप पूर्ण लांब होऊन तोच अडवतोय का. प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडनं मागच्या हाऊसिंगला फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला की ठराविक स्पीडला थरथर येते अन् त्याच्या सांध्यातला क्रॉस लवकर जातो, म्हणून उंची वाढवायसाठी लांब शॅकल लावायची युक्ती तर अजिबात नको.

शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त पाट्याची उसळी जिरवतो. तेल गळत असेल, खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत असेल तर बदला, नव्या पाट्यांबरोबर बदललेले बरेच. स्प्रिंगवाल्या शॉकअपला मात्र मी विरोधच करेन. शॉकअपचा ब्रॅकेट धक्का सोसायला केलेला असतो, मालाचं वजन कायम अंगावर घ्यायला नाही, तो चासीपासून फाटतो. हवेच्या बॅगा ही चांगली वस्तू आहे, रिकामं-भरलेलं बघून हवा कमी-जास्त करता येते, पण लाल चिखल, खडी, धारदार दगड यात त्यांची नळी अन् रबर सांभाळायला लागतंय, हवा रोज बघायला लागतेय, अन् फाटली तर आपल्या रस्त्याला लगेच कुठं मिळणार? रोजच्या विटांच्या गाडीला मी नको म्हणेन.

टायरची बाजू वाचा, तिथं लोड इंडेक्स छापलेला असतोय. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 106 म्हणजे 950, 108 म्हणजे 1000, ते पण सांगितलेली पूर्ण हवा असताना. काट्यावर मागच्या ॲक्सलचं जे वजन आलं ते दोननं भागून याच्याशी ताडून बघा. त्याच्या वर जात असेल तर पाट्याचा विषय बंद अन् दोन फेऱ्या करायचा विषय सुरू. पाटे वाढवून आरसीवरचं वजन वाढत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मधे जादा मालाला 20,000 रुपये अन् वर प्रत्येक जादा टनाला 2,000 असा दंड आहे, शिवाय जादा माल तिथंच उतरवायला लावतात. घाटात विटा उतरवून कुठं ठेवणार.

तर आता असं करा, काट्याच्या चारही पावत्या, दोन्हीकडची रिकामी-भरलेली मापं, अन् पाटे किती, रुंदी किती, प्रत्येकाची जाडी किती ते व्हर्निअरनं मोजून इथं टाका. पाटे घासून झाल्यावर सेंटर बोल्टाच्या भोकाभोवतीचा फोटो जवळनं काढा, प्रत्येक पाट्याचा वेगळा. त्या दांडीचा पण एक फोटो टाका. मग नवा सेट पुरतोय की हेल्पर लागतोय, अन् लागला तर किती फट ठेवायची, ते नक्की सांगतो.